चाल बिघडण्याआधी मज्जारज्जू तपासा

प्रति,
मा. संचालक, वैद्यकीय व आरोग्य सेवा,
दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव प्रशासन,
सिल्वासा.



७ मार्च २०२५ रोजी सिल्वासात ४५० खाटांच्या नमो हॉस्पिटलच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्याआधी २५ एप्रिल २०२३ रोजी नमो मेडिकल एज्युकेशन अँड रिसर्च इन्स्टिट्यूटचे लोकार्पण झाले होते. विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत वर्षानुवर्षे रांगा लावलेल्या लोकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. खाटा आल्या, महाविद्यालय आले, शिकणारे आणि शिकवणारे डॉक्टर आले. म्हणूनच टोकरखाड्याहून हे पत्र एका अशा आजाराकडे आपले लक्ष वेधते, जो माणसाला खाटेवर आणण्याआधी कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, त्याच्या हातापायांतले बळ काढून घेत असतो. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू हळूहळू दबत जाणे, हा तो आजार. त्या दबलेल्या मज्जारज्जूतून संदेश किती नीट जातात हे मोजणारी तपासणी सिल्वासात, सरकारी दवाखान्यात, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या पद्धतीने मिळावी, ही या पत्राची मागणी आहे.

या आजाराची सुरुवात इतकी साधी असते की घरातल्यांनाही ती दिसत नाही. शर्टाचे बटण लावायला वेळ लागू लागतो. ब्लाउजचा हुक सापडत नाही. खिशातले नाणे बोटांना लागते, पण एकाचे की पाचाचे ते कळत नाही. पायातली चप्पल वाटेत निसटते आणि चार पावले गेल्यावर लक्षात येते. अंधारात उठले की तोल जातो, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, पाय कडक होतात. मान दुखेलच असे नाही, आणि दुखत नसली की मानेकडे कोणी पाहतही नाही.

मसाट, पिपरिया, खडोलीच्या पट्ट्यात पॉलिएस्टर सुताचे कारखाने आहेत. तिथे तुटलेला धागा झटपट जोडणारी बोटे हेच कामगाराचे भांडवल. ती बोटे मंदावली की तो 'कामात ढिला' ठरतो. खानवेल, मांदोनी, दुधनीच्या डोंगराळ गावांत बाई डोक्यावर लाकडाची मोळी किंवा पाण्याचा हंडा घेऊन चालते. तिचा तोल गेला तर वय झाले म्हणतात, वात झाला म्हणतात, चोळायला तेल आणतात. डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांच्या मानेचे एक्सरे झिम्बाब्वे आणि कांगोमधल्या संशोधकांनी मुद्दाम तपासले आहेत. एक्सरेतली झीज म्हणजे मज्जारज्जूची इजा नव्हे हे खरे. पण ज्या भागात ओझे डोक्यावरच चालते, तिथल्या मानेकडे आरोग्य खात्याने अधिक बारकाईने पाहावे, इतके कारण त्यात नक्कीच आहे.

आत काय घडते तेही सांगायला हवे. मानेच्या मणक्यांमधून जी नळी जाते तिचा पुढून मागे व्यास साधारण १७ मिलिमीटर असतो. तो १३च्या खाली गेला की जागा अपुरी मानतात, आणि १०च्या खाली मज्जारज्जूला हलायलाही वाव राहत नाही. वयानुसार मणक्यांमधल्या गाद्या वाळतात, फुगतात, कडेला हाड वाढते, मागचे स्नायुबंध जाड होतात. काहींची नळी जन्मतःच अरुंद असते. मान पुढेमागे हलली की दबलेल्या जागी मज्जारज्जू पुन्हा पुन्हा घासला जातो, त्याचा रक्तपुरवठाही कमी पडतो. लंडनच्या रसेल ब्रेन, नॉर्थफील्ड आणि विल्किन्सन यांनी १९५२ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. आज उतारवयात मज्जारज्जूचे काम बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणून तो ओळखला जातो.

तरीही निदान उशिरा होते, आणि ते फक्त आपल्याकडेच नाही. इस्राएलमधल्या एका रुग्णालयाने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे जुने कागद तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिले लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी २.२ वर्षे गेली होती. त्यातल्या ४३ टक्के रुग्णांना आधी 'कार्पल टनल', म्हणजे मनगटात शीर दबल्याचे सांगितले गेले होते. ज्या देशात प्राथमिक डॉक्टर, तज्ज्ञ आणि एमआरआय हाताशी आहेत तिथली ही गत. वारली, कोकणा, धोडिया कुटुंबातला माणूस रोजंदारी बुडवून, दोन वाहने बदलून दवाखान्यात येतो, तेव्हा त्याच्या वाट्याला किती उशीर येत असेल याचा विचार आपल्या खात्याने करायला हवा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. हाताला मुंग्या येतात म्हणून रुग्णाला 'नर्व्ह टेस्ट' करायला पाठवतात. ती बहुतेक वेळा एनसीव्ही असते. हातापायातल्या नसेला एका जागी हलका विजेचा झटका द्यायचा, दुसऱ्या जागी तो किती वेगाने पोचतो ते मोजायचे, अशी ही तपासणी. मनगटात शीर दबली असेल, मधुमेहाने नसा खराब झाल्या असतील, तर ती उत्तम माहिती देते. पण ती जे मोजते ते सगळे मज्जारज्जूच्या बाहेर असते. मानेत मज्जारज्जू दबलेला असताना एनसीव्ही अगदी ठीक येऊ शकते. 'रिपोर्ट नॉर्मल' हे दोन शब्द हातात घेऊन रुग्ण घरी जातो, आणि पुढच्या वर्षी काठी टेकत परत येतो. उलट, मधुमेही माणसाच्या नसा मंद निघाल्या तर सगळा दोष साखरेवर जातो आणि मान तपासायची राहते.

मज्जारज्जूचे काम मोजायचे तर संदेश त्यातून पार जायला हवा. त्यासाठी एसएसईपी ही तपासणी आहे. रुग्णाला पलंगावर निजवतात, खोली शांत ठेवतात. डोक्याच्या कातडीवर जेल लावून छोट्या चकत्या चिकटवतात, मानेवर आणि गळपट्टीच्या हाडामागेही लावतात. मग मनगटावरच्या नसेला सेकंदाला तीन-पाच वेळा बारीक झटके देतात. अंगठा लयीत टिकटिक उडू लागतो. तो उडतो आहे याचा अर्थ झटका पुरेसा आहे. पायासाठी घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे, तसेच करतात आणि पायाचा अंगठा हलतो. दुखते असे फारसे कोणी म्हणत नाही, पण एकेका बाजूला शेकडो झटके सोसावे लागतात, कारण मेंदूपर्यंत पोचणारे उत्तर फार क्षीण असते. मेंदूची स्वतःची विद्युत हालचाल इतकी मोठी की एका झटक्याचे उत्तर शोधणे म्हणजे वापी स्टेशनच्या गलक्यात एकाची पुटपुट ऐकणे. तेच उत्तर शेकडो वेळा घेऊन सरासरी काढली की गलका आपोआप एकमेकांत विरतो आणि पडद्यावर एक रेघ वर येते. मनगटापासून मेंदूपर्यंतचे उत्तर साधारण २० मिलिसेकंदांत दिसते, घोट्यापासूनचे ४०च्या आसपास.

वाटेतल्या थांब्यांवरही नोंद होते हे या तपासणीचे मोल. गळपट्टीजवळ उत्तर वेळेत आले, मानेजवळ आले आणि डोक्यापर्यंत मात्र उशिरा किंवा बारीक होऊन पोचले, तर अडथळा हातात नाही, मध्ये मज्जारज्जूच्या वाटेवर आहे हे कळते. मधुमेह आणि मानेची झीज दोन्ही असलेल्या रुग्णाचा गुंता अशा वेळी सुटतो. पायाकडून येणारी वाट लांब असते आणि ती मानेतून पार जाते, त्यामुळे मानेतला दाब कित्येकदा हातापेक्षा पायाच्या तपासणीत आधी दिसतो. हाताचीच चाचणी करून थांबणे म्हणूनच अपुरे आहे.

या तपासणीची वाट शोधणारे जॉर्ज डॉसन लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या न्यूरॉलॉजी रुग्णालयात काम करत होते. १९४७ साली त्यांनी माणसाच्या हाताच्या नसेला झटका देऊन मेंदूवरचे उत्तर टिपले, आणि पुढच्या काही वर्षांत सरासरी काढणारे यंत्रही बनवले. एसएसईपी संवेदनेची, म्हणजे खालून वर जाणारी वाट पाहते. वरून खाली येणाऱ्या, हालचालीच्या वाटेसाठी १९८० साली मर्टन आणि मॉर्टन यांनी शुद्धीवरच्या माणसाच्या मेंदूला कवटीवरून विजेने उत्तेजित करून दाखवले. ते दुखायचे. १९८५ साली शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी तेच काम चुंबकीय कॉइलने केले आणि वेदना जवळपास गेली. डोक्यावर कॉइल धरतात, टक् आवाज होतो, हाताचा किंवा नडगीचा स्नायू हलतो. मग मणक्यातल्या नसेच्या मुळापासून स्नायूपर्यंत लागणारा वेळ वजा केला की मेंदू ते मज्जारज्जूचा वेळ हाती येतो. या तपासणीला एमईपी म्हणतात. पेसमेकर, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट किंवा मेंदूतल्या धातूच्या क्लिपा असलेल्यांना ती करत नाहीत, आणि फिट येणाऱ्यांबाबत विशेष काळजी घेतात.

एमआरआय आहे तर हे कशाला, असा प्रश्न आपल्या खात्यातही विचारला जाईल. एमआरआय हवाच. नळी कुठे अरुंद आहे, दाब गादीचा की हाडाचा, क्षयाने मणका खचला आहे की गाठ आहे, हे त्याशिवाय कळत नाही. पण चित्रात दाब दिसणारी कितीतरी माणसे ठणठणीत हिंडतात. कोणाचा मज्जारज्जू दाब सोसतो आहे आणि कोणाचा हरत चालला आहे, हे निव्वळ चित्र सांगत नाही.

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात योसेफ बेदनार्झिक, झदेनेक कादान्का आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. एमआरआयवर दाब आहे पण मज्जारज्जूच्या विकाराचे लक्षण नाही, अशा १९९ माणसांवर त्यांनी किमान २ आणि कमाल १२ वर्षे लक्ष ठेवले. २००८ साली निष्कर्ष आले. त्यातल्या ४५ जणांना, म्हणजे जवळपास २३ टक्क्यांना, पुढे प्रत्यक्ष विकार झाला. ज्यांना हातात कळ येण्यासारखी, नसेच्या मुळाची लक्षणे आधीच होती आणि ज्यांच्या एसएसईपी-एमईपीत बिघाड होता, त्यांना तो लवकर होण्याचा धोका जास्त निघाला. २०१७ साली एओ स्पाइन आणि सर्व्हायकल स्पाइन रिसर्च सोसायटीने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हा धागा आला. मज्जारज्जू दबलेला आहे, विकार अजून नाही, पण मुळाची लक्षणे आहेत, अशा रुग्णाला धोका समजावून सांगावा, शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा किंवा त्याच्यावर बारीक लक्ष ठेवावे, असे त्या म्हणतात. लक्ष ठेवायचे ते कशाने? डॉक्टरांचे हात, रुग्णाची चाल आणि नोंदलेले मिलिसेकंद, तिन्ही लागतात. रुग्ण सांगतो 'तसेच आहे', पण सहा महिन्यांपूर्वीची रेघ आणि आजची रेघ शेजारी ठेवली की बदल दिसतो.

मुंबईचा अनुभव इथल्या लोकांना अधिक जवळचा. जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा विभाग उभा करणारे डॉ. नोशिर वाडिया यांनी १९६७ साली 'ब्रेन' या नियतकालिकात २८ रुग्णांचा अभ्यास मांडला. मानेचे पहिले दोन मणके जन्मतः नीट जुळलेले नसल्याने मज्जारज्जू दबत गेलेले हे रुग्ण होते. एमआरआय तेव्हा अस्तित्वात नव्हता. रुग्णाची हकीकत, हातोडीने काढलेले रिफ्लेक्स आणि एक्सरे यांच्या बळावर आजाराचा माग काढावा लागे. पुढे १९९४ साली केईएम रुग्णालयाचे डॉ. अतुल गोयल आणि डॉ. लाहेरी यांनी त्याच दोन मणक्यांना प्लेट आणि स्क्रूने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती जगभर वापरली गेली. जवळच्याच शहरात हे ज्ञान तयार झाले. वापीहून गाडी धरून तिथे पोचणारा सिल्वासाचा रुग्ण मात्र अनेकदा तेव्हा पोचतो, जेव्हा शस्त्रक्रिया फक्त पुढची घसरण थांबवू शकते आणि गेलेले बळ परत आणण्याची खात्री देता येत नाही. दाब काढला तरी मेलेले तंतू उगवत नाहीत.

या तपासणीला मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय मागणी करणे योग्य नाही. मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जाणारी वाट शाबूत असेल तर एसएसईपी ठीक येऊनही पुढच्या, हालचालीच्या वाटा दबलेल्या असू शकतात. अडथळा नेमका कोणत्या मणक्यापाशी आहे हे ती सांगत नाही. बी-१२च्या कमतरतेनेही मज्जारज्जूच्या याच मागच्या वाटा खराब होतात, तेव्हा उशीर दिसला म्हणून मानेवर शस्त्रक्रिया करायला निघणे घातक ठरेल. रक्ताची साधी तपासणी सोबत हवी. उंच माणसाचा संदेश लांबून येतो म्हणून त्याला वेळ जास्त लागतो, थंड हातपाय संदेश मंदावतात. यासाठी उंचीनुसार स्थानिक प्रमाण ठरवावे लागते. आणि ज्याचे पाय काही दिवसांत झपाट्याने गेले, लघवी अडली, त्याला कोणत्याही रेघेसाठी थांबवायचे नाही. त्याला त्याच दिवशी एमआरआय आणि सर्जन लागतो.

आता प्रत्यक्ष मागण्या.

पहिली मागणी खानवेलच्या उपजिल्हा रुग्णालयासाठी आणि सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी आहे. तिथे यंत्र लागत नाही. हातात मुंग्या, चालण्यात बदल किंवा तोल जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला दहा सेकंदांत मूठ जितक्या वेळा उघडता-मिटता येईल तितकी उघड-मीट करायला सांगावे. निरोगी माणूस साधारण वीस वेळा करतो. मग टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगावे, गुडघ्याचे आणि पायाच्या तळव्याचे रिफ्लेक्स पाहावेत, मधल्या बोटाचे नख टिचकावून अंगठा आत वळतो का ते बघावे. याला दहा मिनिटेही लागत नाहीत. मराठी, गुजराती आणि हिंदीत एका पानाचा तक्ता छापून द्यावा, म्हणजे वैद्यकीय अधिकारी बदलले तरी पद्धत बदलणार नाही.

दुसरी मागणी सिल्वासातल्या रुग्णालयासाठी. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी एसएसईपीची ओपीडी असावी, दोन्ही हात आणि दोन्ही पाय तपासले जावेत. एनसीव्ही आणि ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी) करणाऱ्या बहुतेक आधुनिक यंत्रांत एसएसईपीची सोय करता येते, त्यामुळे मोठी गुंतवणूक लागेल ती प्रशिक्षित तंत्रज्ञात. चकती अर्धा इंच सरकली, जेल वाळले, खोलीत पंख्याचा विद्युत अडथळा आला, तर रेघ खोटी येते. तंत्रज्ञांना मुंबईच्या एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयात काही महिने शिकायला पाठवावे. एमईपी ही पुढची पायरी. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी इथल्या निरोगी लोकांवर उंचीनुसार स्थानिक प्रमाण तयार करू शकतात. ते या भागासाठी कायमचे उपयोगी संशोधन होईल.

तिसरी मागणी नोंदवहीची. ज्याच्या एमआरआयवर दाब आहे पण तूर्त शस्त्रक्रिया नको असे ठरले, त्याचे नाव एका यादीत असावे. दर सहा महिन्यांनी त्याला बोलवावे, मूठ-चाल-रिफ्लेक्स आणि जरुरीप्रमाणे एसएसईपी पुन्हा घ्यावी, आणि तो आला नाही तर आशा कार्यकर्तीमार्फत निरोप जावा. मुंबईला किंवा सुरतेला पाठवायची वेळ आली तर सगळ्या रेघा, एमआरआय आणि तारखा असलेली फाइल रुग्णाच्या हातात द्यावी, म्हणजे तिथे पुन्हा शून्यापासून सुरुवात होणार नाही. कारखान्यांना भेट देणाऱ्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखरेसोबत मुठीची दहा सेकंदांची चाचणीही घ्यावी.

चौथी मागणी रुग्णाला मिळणाऱ्या कागदाची. 'नर्व्ह टेस्ट नॉर्मल' एवढेच लिहून कोणाला घरी पाठवू नये. कोणत्या नसा तपासल्या, मज्जारज्जूची वाट तपासली की नाही, आणि पुढे काय करायचे, हे त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहून द्यावे.

या चारही गोष्टींपैकी पहिली आणि चौथी आजपासून सुरू करता येतील, त्यांना टेंडर लागत नाही. दुसरीसाठी आपण एक तारीख जाहीर करावी, आणि ती तारीख, एसएसईपीचा वार आणि खोली क्रमांक ओपीडीच्या फलकावर मराठी, गुजराती आणि हिंदीत लावावा.

कळावे.

आपले,
टोकरखाड्याचे रहिवासी
सिल्वासा